नाण्यापुरता खेळ

आर्केडमधल्या जुन्या व्हिडिओ गेमचा अवघडपणा हा मुळात धंद्याचा हिशेब होता. घरी आणलेल्या खेळाचे पैसे एकदाच मोजले जातात. बारच्या कोपऱ्यात किंवा गल्लीतल्या पार्लरमध्ये उभे केलेले मशीन मात्र दर डावाला नव्याने कमावते. त्यामुळे नवखा खेळाडू दोन-तीन मिनिटांत बाद झाला पाहिजे, आणि बाद होताना ‘आत्ता जमत आलं होतं’ असे त्याला वाटलेही पाहिजे. पहिली अट सुटली तर गल्ला भरत नाही, दुसरी सुटली तर गिऱ्हाईक परत येत नाही. या दोन्ही अटी सांभाळण्याचे काम एकट्यादुकट्याचे नव्हते. प्रोग्रॅमर खेळाची चाल ठरवी, मशीनचा मालक ती आपल्या वस्तीला बेताची करून घेई, आणि मेकॅनिक जॉयस्टिक नि बटणे चालती ठेवी. त्यात कसूर झाली तर सोपा खेळही अशक्य होऊन बसे. ज्या अवघड खेळांच्या आठवणीने आज चाळिशी-पन्नाशीतली माणसे हळवी होतात, ते या तिघांच्या रोजच्या कामातून घडत गेले.

हा हिशेब पहिल्या फटक्यात जमला नाही. नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांचे ‘कॉम्प्युटर स्पेस’ हे मशीन १९७१ मध्ये बाजारात आले. त्यातले यान एकदा ढकलले की आपल्या वेगाने जातच राही; थांबवायचे तर उलट तोंड करून पुन्हा ढकलावे लागे. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना यात गंमत वाटली, पण बारमधल्या गिऱ्हाइकाला खेळ सुरू होऊन संपला तरी काय घडले ते उमगत नसे. पुढच्याच वर्षी अटारी कंपनीत ॲलन अल्कॉर्न यांनी ‘पाँग’ बनवला. कॅलिफोर्नियातल्या सनीवेल गावी अँडी कॅप्स टॅव्हर्नमध्ये तो प्रथम लावला गेला आणि थोड्याच दिवसांत मशीन बंद पडल्याचा निरोप आला. उघडून पाहिले तर बिघाड कसलाच नव्हता. नाण्यांचा डबा काठोकाठ भरून यंत्रणा अडकली होती. ‘पाँग’मध्ये एक खरा दोष मात्र होता. त्यातल्या फळ्या पडद्याच्या अगदी वरच्या टोकापर्यंत पोहोचत नसत. अल्कॉर्न यांनी तो मुद्दाम तसाच ठेवला, कारण तेवढी फट नसती तर दोन तयारीचे खेळाडू एकाच नाण्यावर रात्र काढू शकले असते. आर्केडच्या अवघडपणाची सुरुवात अशी एका न दुरुस्त केलेल्या दोषापासून झाली, असे म्हणायला हरकत नाही.

‘स्पेस इन्व्हेडर्स’चीही गोष्ट जवळपास हीच. जपानमधल्या टायटो कंपनीत तोमोहिरो निशिकादो यांनी हा खेळ १९७८ मध्ये तयार केला. त्याचा प्रोग्रॅम, चित्रे आणि सर्किटही त्यांचेच. पडद्यावर सुरुवातीला ५५ शत्रू असत आणि इतक्या जणांना एकदम हलवणे त्या वेळच्या चिपला झेपत नसे, म्हणून फौज संथ चाले. खेळाडू शत्रू मारत गेला की चिपवरचा भार हलका होई आणि उरलेले शत्रू आपोआप वेग घेत. शेवटचा एकटा तर सुसाट पळे. निशिकादो यांच्या हे लक्षात आले तेव्हा त्यांनी वेग एकसारखा करण्याच्या भानगडीत न पडता तो वाढता वेग खेळाचाच भाग करून टाकला. खेळाडू जितका चांगला, तितका खेळ कठीण, ही चाल पुढे साऱ्या आर्केडने उचलली. खेळाडूंनीही उलट डाव टाकला. अगदी खालच्या ओळीत उतरलेल्या शत्रूची गोळी तोफेला लागत नाही, हे हेरून ते फौजेला मुद्दाम शेवटच्या पायरीपर्यंत येऊ देत आणि मग निर्धास्त टिपत. एक पायरी चुकली की डाव खलास. जपानी खेळाडूंत ही युक्ती नागोया शहराच्या नावाने ओळखली जाते.

अवघड खेळांचा विषय निघाला की जाणत्यांच्या तोंडी पहिले नाव येते ते मात्र ‘डिफेंडर’चे. शिकागोची विल्यम्स कंपनी पिनबॉलची मशीने बनवण्यात मुरलेली होती आणि युजीन जार्व्हिस तिथे पिनबॉलचेच प्रोग्रॅम लिहीत. व्हिडिओ गेम करायचे ठरले तेव्हा त्यांच्याबरोबर लॅरी डिमार, सॅम डिकर आणि पॉल ड्युसॉल्ट यांनी काम केले. त्यातून १९८० च्या अखेरीस जे मशीन उभे राहिले, त्यापुढे प्रथमच येणाऱ्याची बोटेच अडत. डाव्या हाताला फक्त वर-खाली हलणारी दांडी आणि यान मागे वळवायचे बटण. उजव्या हाताला वेग आणि गोळीबार. शिवाय पडद्यावरचे सारे शत्रू एकदम उडवणारा बॉम्ब, तोही मोजकाच, आणि अंग चोरून भलतीकडेच उगवण्यासाठी ‘हायपरस्पेस’, ज्यातून बाहेर पडताना यान फुटण्याचीही शक्यता. एक दांडी आणि पाच बटणे. पुढे जायचे म्हणजे दांडी पुढे ढकलायची, हा साधा समजही इथे कामाचा नव्हता.

त्यात पडद्यावर दिसते तेवढेच रणांगण नव्हते. खेळाचे जग पडद्याच्या कितीतरी पट रुंद होते आणि वरच्या बाजूच्या अरुंद पट्टीत त्याचा नकाशा ठिपक्यांनी दाखवलेला असे. मुरलेला खेळाडू अर्धे लक्ष त्या पट्टीवरच ठेवी. जमिनीवर दहा माणसे. ‘लँडर’ नावाचे शत्रू खाली उतरून त्यातला एखादा उचलत आणि वर निघत. माणूस उचलला गेल्याचा आवाज आला की खेळाडूने हातातली लढाई सोडून तिकडे धाव घ्यायची. लँडरला नेमके टिपले की माणूस हवेत सुटे. त्याला पडता-पडता झेलले तर ५०० गुण, झेलून जमिनीवर नीट उतरवले तर आणखी ५००, आणि कमी उंचीवरून पडून आपला आपण वाचला तर २५०. गोळी जरा इकडेतिकडे झाली तर ज्याला वाचवायला आलो तोच मारला जाई. लँडर पडद्याच्या माथ्यावर पोहोचला तर त्या माणसासकट त्याचा ‘म्युटंट’ बने, जो खेळाडूच्या अंगावर वेड्यासारखा धावून येई. दहाही माणसे गेली की ग्रहच फुटे आणि उरलेले सगळे लँडर म्युटंट होत. कुणी एका जागी रेंगाळून गुण गोळा करू पाहिलेच, तर ‘बेटर’ नावाची भरधाव तबकडी त्याला हुसकायला पाठवली जाई. ही तबकडी म्हणजे गल्ल्यावर बसलेल्या मालकाचीच माणूस होती म्हणायची.

प्रदर्शनाच्या आदल्या रात्रीपर्यंत या मशीनला कुणी खेळत नसताना पडद्यावर दाखवायचा नमुना-खेळच नव्हता. चौघांनी रात्र जागून तो लिहिला. सकाळी प्रोग्रॅमच्या चिपा मशीनमध्ये बसवल्या तर मशीन सुरूच होईना. चिपा चुकीच्या क्रमाने बसवल्या गेल्या होत्या. क्रम लावल्यावर मशीन चालले, तरी ही मंडळी परत जाऊन उरलेल्या चुका काढून चिपांचा नवा संच करून घेऊन आली, आणि मग शिकागोतल्या व्यापारी प्रदर्शनाचे दार उघडले. मशीन विकत घेणारे व्यापारी आले, लांबून पाहून गेले. एवढी बटणे पाहून त्यांना धडकीच भरली. खेळ आपटणार, असाच तिथला सूर होता. त्याच प्रदर्शनात मांडलेल्या ‘पॅक-मॅन’विषयीही जाणकारांचे मत थंडच होते, त्यांची पसंती ‘रॅली-एक्स’ या गाड्यांच्या खेळाला होती. पुढे ‘डिफेंडर’ची ५५,००० हून अधिक मशीने खपली. ‘पॅक-मॅन’चे काय झाले ते सांगायला नकोच. बटणे मोजून खेळाची पारख करणाऱ्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली नव्हती. ‘डिफेंडर’मध्ये खेळाडू का मेला, हे त्याला दर वेळी कळत असे. चूक आपली होती आणि ती टाळता आली असती, ही टोचणी पुढचे नाणे खिशातून काढायला लावी. आर्केडमधला प्रामाणिक अवघडपणा ज्याला म्हणावा तो हा.

जार्व्हिस आणि डिमार यांनी पुढे १९८२ मध्ये ‘रोबोट्रॉन : २०८४’ केला. त्याच्या आधी मोटार-अपघातात जार्व्हिस यांच्या उजव्या हाताला इजा झाली होती. त्या दिवसांत धड नसलेल्या हाताने खेळताना सुचलेली कल्पना म्हणजे दोन दांड्या, एक चालायला आणि एक गोळ्या झाडायला. बटण एकही नाही. तरीही हा खेळ ‘डिफेंडर’इतकाच निर्दय निघाला, म्हणजे अवघडपणा बटणांच्या संख्येत नव्हता हे तिथे आपोआपच सिद्ध झाले.

प्रोग्रॅमरचे काम मशीन ट्रकवर चढेपर्यंत. त्यानंतर सूत्रे मालकाकडे जात. मशीनच्या छोट्या दाराआड, नाण्यांच्या डब्याजवळ किंवा बोर्डावर, काड्यापेटीहून लहान अशी खटक्यांची ओळ असे. ‘पॅक-मॅन’च्या बोर्डावर हे खटके पाडून लाइफ १, २, ३ किंवा ५ ठेवता येत, जादा लाइफ १०,००० गुणांना, १५,००० ला, २०,००० ला किंवा मुळीच नाही, असेही ठरवता येई. म्हणजे एका गावात पाच लाइफचा असलेला खेळ पुढच्या गावात दोनच लाइफचा असू शके, आणि दोन्हीकडची पोरे आपापल्या स्कोअरवरून तावातावाने भांडत. ‘डिफेंडर’ने तर खटक्यांऐवजी हिशेबाची वहीच बाळगली होती. दार उघडून आतले बटण दाबत गेले की पडद्यावर एकेक आकडा येई : कोणत्या फटीतून किती नाणी पडली, किती डाव झाले, खेळ एकूण किती मिनिटे चालला, किती जादा याने जिंकली गेली. मिनिटांना डावांनी भागले की एका डावाला खेळाडू किती टिकतो ते कळे. हा भागाकार वाढू लागला की मालक काठिण्याचा आकडा एक घर वर सरकवी, बोनस लांबणीवर टाकी, नाहीतर ग्रह कितव्या फेरीला परत मिळायचा तो आकडा पुढे ढकली. खेळाडूला ‘आज हात चालत नाहीये’ असे वाटे त्या दिवशी दोष दरवेळी हाताचाच असेल असे नव्हते.

खेळाडूही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ‘ॲस्टरॉइड्स’ (१९७९) मध्ये एकच छोटा दगड शिल्लक ठेवून, पडद्याच्या कडेला दबा धरून, येणाऱ्या तबकड्या टिपत बसायची युक्ती पसरली आणि एकेक डाव तासन्‌तास चालू लागला. मशीन दिवसभर अडलेले, डब्यात मात्र मोजकी नाणी. अटारीने पुढच्या ‘ॲस्टरॉइड्स डीलक्स’मध्ये ही पळवाट बुजवण्याचा बंदोबस्त केला. ‘पॅक-मॅन’चे दुखणे आणखी खोल होते. त्यातली भुते यदृच्छेने फिरत नाहीत. खेळाडूने तीच वळणे त्याच वेळी घेतली तर भुतेही दर वेळी तशीच वागतात. त्यामुळे वाटा पाठ करता येत, आणि त्या शिकवणारी पुस्तकेही दुकानांत आली. पाठांतर पक्के असलेला खेळाडू २५६ व्या पातळीपर्यंत जाऊ शके. तिथे पातळी मोजणारा आठ बिटांचा आकडा ओसंडून पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरे-चिन्हांच्या कचऱ्याने भरून जाई आणि खेळ पुढे नेणे अशक्य होई. कुणी इथवर पोहोचेल असे बनवणाऱ्यांना वाटलेच नव्हते.

या परिस्थितीतून एक वेगळाच जोडधंदा उभा राहिला. डग मॅक्रे आणि केव्हिन करन हे दोघे एमआयटीत शिकत असताना तिथल्या वसतिगृहांत गेमची मशीने लावत. त्यांच्या ‘मिसाइल कमांड’च्या मशीनची कमाई उतरू लागली, कारण मुले त्यात तरबेज झाली होती. नवे मशीन घेणे परवडणारे नव्हते. म्हणून त्यांनी साथीदार जमवून एक जोडबोर्डच तयार केला, जो मूळ मशीनमध्ये बसवला की खेळ नव्याने अवघड होई. ‘सुपर मिसाइल अटॅक’ या नावाने १९८१ मध्ये तो विकायला निघाला. मालकांच्या दृष्टीने ही संजीवनीच होती. अटारीने दावा ठोकला, तडजोड झाली, आणि मूळ उत्पादकाच्या संमतीशिवाय असे बोर्ड विकणार नाही असे या मंडळींनी कबूल केले. तोवर त्यांच्याकडे ‘पॅक-मॅन’चाही असाच बोर्ड तयार होता. तो घेऊन ते मिडवे कंपनीकडे गेले आणि त्यातून १९८२ ची ‘मिस पॅक-मॅन’ आली. त्यात चार वेगवेगळे चक्रव्यूह, आणि भुतांच्या चालीत पाठांतर मोडून काढण्याइतकी अनिश्चितता.

‘मिसाइल कमांड’ बनवणाऱ्याला मात्र त्या अवघडपणाची किंमत वेगळ्या रीतीने मोजावी लागली. डेव्ह थ्युरर यांनी हा खेळ १९८० मध्ये अटारीसाठी केला. सहा शहरे, त्यांवर वरून पडणारी क्षेपणास्त्रे, आणि ती अडवता अडवता कधी ना कधी होणारी हार. सुरुवातीला ती कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची खरीखुरी शहरे होती. नावे नंतर काढली. खेळ जिंकता येतच नाही, फक्त लांबवता येतो, हे गणित दिवसभर तपासत बसणाऱ्या थ्युरर यांना रात्री अणुहल्ल्याची स्वप्ने पडत आणि ते दचकून जागे होत, असे त्यांनी नंतर सांगितले आहे. शीतयुद्धाच्या काळातली ही भीती त्यांनी शेवटच्या पडद्यावर दोनच शब्दांत ठेवली. इतर खेळ ‘गेम ओव्हर’ म्हणत. हा ‘द एंड’ म्हणतो.

मालकांच्या नशिबी याहून विचित्र प्रसंगही आले. आयोवा राज्यातल्या ओटम्वा या लहान गावात वॉल्टर डे यांनी नोव्हेंबर १९८१ मध्ये ‘ट्विन गॅलेक्सीज’ हे आर्केड उघडले आणि देशभरातले उच्चांक नोंदवायला सुरुवात केली. जानेवारी १९८४ मध्ये तिथे १६ वर्षांच्या एका स्थानिक मुलाने ‘निब्लर’ या सापाच्या खेळात १०० कोटी गुणांचा टप्पा ओलांडला. डाव चव्वेचाळीस तासांहून जास्त चालला, एका नाण्यावर. हा खेळ नऊ आकडी स्कोअर दाखवणारा होता म्हणूनच त्या विक्रमाला अर्थ होता. आर्केडच्या दृष्टीने जवळपास दोन दिवस मशीन पंचवीस सेंटांवर गेले. प्रसिद्धी मिळाली हाच काय तो फायदा. ते आर्केड त्याच वर्षी बंद झाले.

१९८५ च्या सुमारास हा हिशेब बदलला, आणि चांगल्या दिशेने बदलला असे म्हणवत नाही. त्या वर्षीचा अटारीचा ‘गॉन्टलेट’ चौघांनी मिळून खेळायचा होता. त्यात खेळाडूची ताकद नुसते उभे राहिले तरी सेकंदासेकंदाने घटे, आणि नाणे टाकले की वाढे. टॅक्सीच्या मीटरसारखी ही योजना होती. पाठोपाठ ‘कंटिन्यू’ची पद्धत सर्रास झाली. बाद झाल्यावर पडद्यावर दहापासून उलटे आकडे पडत आणि तेवढ्यात नाणे टाकले तर आहे तिथूनच पुढे जाता येई. यामुळे खेळाडूला शेवट दिसण्याची सोय झाली. पण टाळता न येणारे फटके देऊन नाणी काढणाऱ्या खेळांनाही मोकळे रान मिळाले. कॅपकॉममध्ये तोकुरो फुजिवारा यांनी त्याच वर्षी केलेला ‘घोस्ट्स एन गॉब्लिन्स’ या दोन्हींच्या सीमारेषेवर आहे. त्यातल्या सरदाराला एक फटका बसला की चिलखत गळून तो चड्डीवर येतो, दुसऱ्या फटक्याला हाडांचा सापळा. उडी मारली की हवेत दिशा बदलता येत नाही, म्हणून उडी हा दर वेळी विचार करून घ्यायचा निर्णय ठरतो. इतपत ठीक. पण शेवटच्या राक्षसाला मारल्यावर हे सारे मायाजाल होते असे सांगून सगळा खेळ पुन्हा पहिल्यापासून खेळायला लावणे, यात प्रामाणिकपणा शोधावा लागतो.

मेकॅनिकला या चर्चेत सहसा कुणी विचारत नाही. वास्तविक खेळ किती अवघड लागतो हे त्याच्या हातावर ठरे. दांडीखालच्या पत्तीच्या स्विचमधली फट कागदाच्या जाडीइतकी जास्त झाली तरी वळण उशिरा लागते, आणि ‘पॅक-मॅन’मध्ये उशिरा वळणे म्हणजे भुताच्या तोंडी जाणे. पत्त्या जरा वाकवून, टोके घासून साफ करणे हे रोजचे काम. पडद्यावर महिनोन्‌महिने तेच चित्र राहिल्याने पिक्चर ट्यूबवर चक्रव्यूहाचा ठसा उमटे, तो मशीन बंद असतानाही दिसे. आडवे पट्टे, थरथरणारे चित्र, काठाकडे गोळा झालेला पडदा ही कंडेन्सर वाळल्याची लक्षणे. ट्यूबच्या मागे हात घालण्याआधी तिच्यातला साठलेला विद्युतभार अर्थिंगच्या वायरने उतरवून घ्यावा लागतो. कित्येक हजार व्होल्टचा तो दणका एकदा खाल्लेला माणूस ही पायरी पुन्हा चुकवत नाही.

‘डिफेंडर’चा बोर्ड दुरुस्तीला येतो तेव्हा जाणता मेकॅनिक आधी बॅटरी पाहतो. हिशेबाचे आकडे आणि काठिण्याच्या खुणा जपून ठेवायला बोर्डावर तीन साधे पेन्सिल सेल बसवलेले असत. ते वर्षानुवर्षे तसेच राहिले की पाझरतात आणि आसपासचे तांब्याचे धागे हिरवे पडून तुटतात. त्यानंतर मेमरीच्या चिपा. या बोर्डावरच्या चिपांना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात. त्यातला उणे पाच व्होल्टचा पुरवठा सॉकेटच्या जळक्या पिनेमुळे तुटला तर चिपा एकापाठोपाठ एक बाद होतात. म्हणून आधी पुरवठा तपासायचा, मगच चिपांना हात लावायचा. दुरुस्त झालेला बोर्ड सुरू केला की पडदा रंगीत ठिपक्यांच्या गालिच्याने भरतो, मेमरीची चाचणी चालते आणि सगळे जागेवर असल्याचा एका ओळीचा संदेश उमटतो. कॅपकॉमच्या १९९३ पासूनच्या सीपीएस-२ बोर्डांत तर बॅटरी संपली की खेळ उलगडण्याची किल्लीच मेमरीतून पुसली जाई आणि बोर्ड मुका होई. नक्कल रोखण्यासाठी केलेली ही तजवीज मूळ मालाच्याच मुळावर आली.

महाराष्ट्रात हे खेळ पोहोचले ते मुख्यतः या नंतरच्या काळातले. १९८५ मध्ये जपानी उत्पादकांच्या संघटनेने ठरवलेल्या जाम्मा जोडणीमुळे पेटी तीच ठेवून नुसता बोर्ड बदलता येई. प्लायवूडची पेटी, टीव्हीची ट्यूब आणि ५६ टोकांची ती जोडणी, एवढ्यावर मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत पार्लर उभे राहिले. तिथे १९९३ चा कॅपकॉमचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ मूळ नावाने कुणालाच माहीत नव्हता; पिवळ्या टोपीचा चपळ मुस्तफा त्यात होता, म्हणून तो ‘मुस्तफा’. मार्क शुल्ट्झ यांच्या अमेरिकन चित्रकथेवरून बेतलेला हा खेळ तिघांनी मिळून खेळता येई, पण शाळकरी पोरांच्या खिशात बहुधा एकाच डावाचे पैसे असत. उरलेले मागे उभे राहून ‘मागे बघ, मागे’ म्हणून ओरडत. शेवटच्या बॉसपर्यंत एका नाण्यात जाणारा मुलगा त्या वस्तीत ओळखला जाई, आणि तो आला की पार्लरवाल्याचा चेहरा उतरे. अशा मुलाला ‘बस आता, दुसऱ्याला दे’ म्हणून उठवण्याचा अधिकार पार्लरवाले राखून असत; खटक्यांपेक्षा हा उपाय सोपा होता.

इटलीतल्या निकोला साल्मोरिया यांनी फेब्रुवारी १९९७ मध्ये ‘मेम’ हा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. जुन्या बोर्डांचे वागणे घरच्या संगणकावर हुबेहूब उतरवून ते खेळ जपून ठेवणे हा त्याचा उद्देश, आणि तो हजारो खेळांच्या बाबतीत साधला गेला. पूर्वी पार्लरमध्ये ज्यांनी रुपये घातले ते आता रात्री जेवणानंतर ‘मुस्तफा’ किंवा ‘डिफेंडर’ चालू करतात. एक बटण दाबले की नाणे पडल्याचा आवाज येतो, आणि ते बटण कितीही वेळा दाबता येते. हवे तिथे डाव गोठवून चुकलेली उडी पुन्हा घेता येते. मग बहुतेकांची एकच तक्रार असते : खेळ आठवत होता तितका अवघड नाही, आणि तितका मजेशीरही नाही. वास्तविक प्रोग्रॅम तोच आहे, शत्रू तेच आहेत. नाण्याभोवती बेतलेल्या खेळातून नाणे तेवढे काढून घेतले गेले आहे. उलट काहींना तो पूर्वीपेक्षा अवघड वाटतो. त्यालाही कारण आहे. पिक्चर ट्यूबवर चित्र जवळपास त्या क्षणी उमटे, हल्लीच्या सपाट पडद्यांवर ते थोडे मागाहून येते, आणि ‘डिफेंडर’सारख्या खेळात तेवढा उशीर पुरेसा असतो.

ज्यांना खरी मशीनेच हवीत त्यांच्यासाठी काही ठिकाणे शिल्लक आहेत. न्यू हॅम्पशायर राज्यातल्या लॅकोनिया गावच्या फनस्पॉटमध्ये जुन्या आर्केडचे संग्रहालय आहे. शिकागोजवळ ब्रुकफिल्डला २०१० पासून चालू असलेल्या ‘गॅलपिंग घोस्ट’ आर्केडमध्ये प्रवेशाचे पैसे एकदाच द्यायचे, मग दिवसभर शेकडो मशीने फुकट. संग्रह जपण्याच्या दृष्टीने ही पद्धत सोयीची आहे. खेळाडूच्या वागण्यात मात्र तिने फरक पडतो. पहिले लाइफ लवकर गेले की डाव अर्धवट सोडून शेजारच्या मशीनकडे जाणे, किंवा पुन्हा स्टार्ट दाबणे, हे तिथे सहज होते. नाणे टाकलेला माणूस उरलेली दोन लाइफ शेवटपर्यंत लढवी.

जपानच्या गेम सेंटरांत नाणे अजून टिकून आहे, पण तिथली अडचण निराळी. ‘स्पेस इन्व्हेडर्स’च्या वेळी एका डावाचा दर १०० येन होता आणि मशीनची फट त्याच नाण्यासाठी केलेली. १९८९ मध्ये ३ टक्के विक्रीकर आला. तो १९९७ मध्ये ५, २०१४ मध्ये ८ आणि २०१९ मध्ये १० टक्के झाला. दुकानदार किमती दोन-चार येनांनी वाढवू शकले. गेम सेंटरच्या मालकाला १०८ किंवा ११० येन घेणे शक्य नव्हते, आणि एकदम दुसरे नाणे मागितले तर गिऱ्हाईक फिरकत नाही. त्यामुळे कराचा बोजा त्याच्याच खिशातून जातो. दर बदलता येत नाही तेव्हा डाव लहान करणे एवढाच जुना उपाय उरतो. पण चाळीस वर्षांपूर्वीच्या खेळापुढे बसणारा तिथला नेहमीचा गिऱ्हाईक त्याच्या खटक्यांची मूळची मांडणी तोंडपाठ असलेला माणूस असतो, आणि त्यातला एक खटका हलवला तरी त्याला पहिल्याच डावात कळते.